जगदाळे सरांचा वरताळा

जगदाळे सरांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. कुणालाच मारली नाही. सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या ज्युदो क्लबात पाऊल टाकलं की नाव बाहेर चपलांपाशी राहायचं आणि आत यायचं ते गाव. मी आष्ट्याची, म्हणून मी ‘आष्टा’. ‘आष्टा, मान आत घे.’ ‘तासगाव, प्वाट लय सुटलंय.’ एकाच गावातून दोघं निघाले तर जो तगडा तो ‘बुद्रुक’ आणि जो कमजोर तो ‘खुर्द’. आमच्या वेळी एका खुर्दनं तीन वर्षं जीव तोडून सराव केला, तो केवळ बुद्रुक होण्यासाठी. झाला नाही. आता तो पोलिसात आहे आणि रस्त्यात भेटला की अजून स्वतःची ओळख खुर्द अशीच करून देतो.

एकदा मी विचारलं होतं, सर, नावानं का नाही हाक मारत? ते म्हणाले, नावं आईबापांनी कौतुकानं ठेवलेली असत्यात, आणि कौतुकाला हितं जागा न्हाई.

सर वडूजकडचे. फौजेत हवालदार होते, तिथंच ज्युदो शिकले. पेन्शनीत आल्यावर कॉलेजनं त्यांना जिमखान्यामागची पत्र्याची शेड दिली. हिरव्या-लाल मॅट, त्यांच्या फाटक्या शिवणींवर चिकटपट्ट्या, आणि वर्षानुवर्षांच्या घामाचा वास. सर बुटके. दोन्ही कान मॅटवर घासून घासून चुरगळलेले. चालताना पावलांचा आवाज नाही. शिट्टी गळ्यात असायची, पण ती त्यांनी कधी फुंकल्याचं मला आठवत नाही. शिवी देत नसत. हात उगारत नसत. आवाज इतका खाली की ऐकायला आम्हालाच गप्प व्हावं लागे. जे लोक म्हणतात की कडक मास्तर म्हणजे आरडाओरडा, त्यांनी जगदाळे सर पाहिलेले नाहीत.

सकाळी सराव सुरू व्हायच्या आधी आम्ही रांगेत हात पुढं करून उभे राहायचो. ज्युदोत नखं वाढवायची नसतात, समोरच्याला ओरखडे येतात, हा सगळीकडचाच नियम आहे. इतर ठिकाणी मास्तर ‘जा, कापून ये’ म्हणतात. सरांच्या खिशात स्वतःचं नेलकटर असायचं. ज्याचं नख वाढलेलं दिसेल त्याचं बोट ते आपल्या हातात घ्यायचे, अगदी बांगड्या भरणाऱ्या कासारासारखं हळुवार, आणि नख कापायचे. नुसतं नख नव्हे, त्याच्या खालचं थोडं मांसही. मग म्हणायचे, आता आठवडाभर ध्यानात ऱ्हाईल. रक्ताचा थेंब मॅटवर पडला तर तो पुसायचं कामही त्याचंच. डोळ्यांत पाणी आलं तर सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ‘रडायचं आसंल तर भाईर नळ हाय.’ आणि बाहेर खरोखरच नळ होता. पहिल्या वर्षी मी त्याच्याशी बरीच सलगी केली.

हे सगळं वाचून वाटेल, मग आम्ही तिथं का जात होतो? त्याला साधं उत्तर आहे. सरांची पोरं नोकरीला लागायची. कुणी फौजेत, कुणी पोलिसात. विद्यापीठाच्या संघात जागा मिळाली, एखादं पदक हाताला लागलं, तर खेळाडूंच्या कोट्यातून भरतीत नंबर लागतो, आणि आमच्याकडं भरती म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. सर कुणाकडून फी घेत नसत. स्पर्धेला गेलो की पोरांना आत झोपवून स्वतः धर्मशाळेच्या ओट्यावर पडत. जेवायला सगळ्यांच्या नंतर बसत. म्हणून त्यांच्या क्रूरपणाला कुणी क्रूरपणा म्हणालं नाही. शिस्त म्हणाले.

आता टॅपबद्दल सांगते, कारण सर म्हणजे टॅप आणि टॅप म्हणजे सर.

ज्युदोत समोरच्यानं गळा आवळला किंवा हाताला पेच घातला आणि सहन होईना, की हातानं दोनदा थापटायचं. मॅटवर थापटा, नाही तर त्याच्या अंगावर. त्याला टॅप म्हणतात. टॅप झाला की त्याच क्षणी सोडायचं. सगळा खेळ या एका भरवशावर उभा आहे. मी माझा गळा तुझ्या हातात देते तो तू ऐकशील या विश्वासावर. पहिल्या दिवशी सरांनी आम्हाला दुसरं काही शिकवलं नाही, फक्त टॅप. उजव्या हातानं, डाव्या हातानं. आणि शेवटी एका पोराचे दोन्ही हात दाबून धरले आणि विचारलं, आता काय करशील? तो नुसता वळवळला. सर म्हणाले, ‘पाय हाय का न्हाई? टाच हाण. हात अडकलं तर पायानं बोलायचं.’ तो तास मला फार आवडला होता. वाटलं, किती सभ्य खेळ आहे.

दुसऱ्या वर्षी सरांचा स्वतःचा धडा सुरू झाला. त्याला ते वरताळा म्हणायचे. बाजारात भाजीवाली माप भरून झाल्यावर वरून एक मूठ आणखी टाकते ना, तोच वरताळा. तुम्ही टॅप केलात, ठीक आहे, माप भरलं. आता सर त्यावर थोडं जास्त देणार. एक दम, म्हणजे एक श्वासभर, कधी दोन दम, पेच तसाच धरून ठेवायचे. वर त्यांचा युक्तिवाद तयार होता की पंचाचं लक्ष नसलं, समोरची बया कपटी निघाली, तर काय करशील? सवय पायजे. आणि खरं सांगायचं तर हा वरताळा सगळ्यांना मिळत नसे. खुर्दला तो कधीच मिळाला नाही. सरांना ज्याच्यात दम दिसायचा त्यालाच मिळायचा. त्यामुळं झालं काय, की आम्ही त्याच्यासाठी एकमेकांवर जळायला लागलो. आज मला ज्यादा दम धरलं, असं पोरी कौतुकानं सांगायच्या. माणसाला कशाचाही अभिमान वाटू शकतो.

सगळ्यात जास्त वरताळा मिळाला तो म्हसवडला.

म्हसवड म्हणजे शीतल. माझी खोलीतली सोबतीण. सायन्सला होती, अभ्यासात बरी होती, बोलायला कमी. तिच्या घरची मेंढरं होती, लोकर कातरायच्या वेळी पळतं मेंढरू मागच्या पायाला धरून आडवं करायचं काम लहानपणापासून तिच्याकडं. सरांनी पहिल्यांदा तिची पकड पाहिली तेव्हा ते म्हणाले, हिला मी काय शिकवू, हिला मेंढरांनी शिकवलंय. कौतुक म्हणून सरांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच वाक्य.

शीतलला पोलिसात जायचं होतं. दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. घरात दोन धाकट्या बहिणी, आणि आपण वर्दीत घरी गेलो नाही तर बाप त्यांचीही लग्नं लवकर उरकणार हे तिला ठाऊक होतं. तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली तेव्हा वडील म्हसवडहून घोंगडं घेऊन आले. घरच्या लोकरीचं, काळंभोर. ते त्यांनी दोन्ही हातांनी सरांपुढं धरलं. सरांनी ते घेतलं, हातात तोललं, आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये भिंतीकडच्या मॅटखाली जिथं खड्डा पडला होता तिथं ते दुमडून घातलं. आमच्या आपटण्यानं ते तिथंच झिजलं. मी बोलले, तर शीतल मलाच म्हणाली, ‘कामाला आलं की गं. पेटीत ठिवून काय करायचं हुतं?’

स्पर्धेला संघ निघायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. सर सगळ्यांना गोल बसवून हाताचा पेच दाखवत होते. मधोमध शीतल. ती पाठीवर, तिचा उजवा हात सरांनी आपल्या छातीशी आवळलेला. नुसती कंबर वर उचलली की कोपर उलटं वळायला लागतं. सर आम्हाला समजावत होते. आवाज नेहमीसारखाच खाली. कोपर म्हंजे बिजागरी, उलटी फिरत न्हाई, पर कुठवर न्हाई ते ज्याचं त्यानं बगायचं असतं. शीतलनं डाव्या हातानं टॅप केला. सर म्हणाले, बगा, टॅप झाला. आता आपला वरताळा. आणि ते बोलत राहिले. समोरच्याच्या डोळ्यात बगायचं, असं काहीतरी सांगत होते. शीतलनं पुन्हा टॅप केला. मग डाव्या हाताचा नुसता पाऊस पडला मॅटवर. मग टाचा. आम्ही सगळे मांडी घालून बसलेलो, सरांच्या तोंडाकडं बघत.

उसाचं कांडं गुडघ्यावर मोडतात तसा आवाज झाला.

सरांनी हात सोडला. उठले. खाली पडलेल्या पोरीकडं पाहिलं आणि म्हणाले, ‘हाड मऊ निघालं.’ मग मला म्हणाले, आष्टा, रिक्षा बघ, हिला मिरजेला घिऊन जा. आम्ही दारापर्यंत पोचलो तोवर मागून त्यांचा आवाज आला, ‘तासगाव, तू ये मदी.’ तो पेच अर्धवट राहिला होता, तो त्यांना पुरा दाखवायचा होता.

शीतलचं कोपर निखळलं होतं आणि आत हाडाचा तुकडा उडाला होता. ऑपरेशन झालं. संघ तिच्याविना गेला. कॉलेजनं सरावातली दुखापत म्हणून विषय संपवला. पण जे मला विसरता येत नाही ते दवाखान्यातलंच. तिचे वडील आले, मागोमाग सरही आले. सर खाटेपाशी उभे राहिले. आणि तो म्हातारा, धोतर-पटका घातलेला, पहाटेच्या एस्टीनं आलेला, सरांपुढं हात जोडून म्हणाला, ‘आवं सर, तुमी येवढी म्हेनत घ्येतली, आन् आमच्या पोरीनं मातीत घातली. पोटात घ्या.’

सर म्हणाले, ‘आसू द्या. हुतं आसं.’

म्हणजे त्यांनी ती माफी स्वीकारली. मला आजही सरांचा जो राग येतो तो मोडलेल्या कोपरासाठी कमी आणि या चार शब्दांसाठी जास्त येतो. शीतल भिंतीकडं तोंड करून पडली होती.

हात पूर्ण सरळ झाला नाही. पोलीस भरतीत हात सरळ होत नसला तर पहिल्या दारातूनच परत पाठवतात, पुढचं कुणी विचारत नाही. पण जेवढा झाला तेवढा एका फिजिओथेरपिस्टमुळं झाला. मिरजेचा तरुण माणूस होता. तो तिचं कोपर वाकवायला लागला की ती अख्खा मजला डोक्यावर घ्यायची, आणि तो थांबायचा नाही. मी त्याच्याशी भांडायला गेले, तर शीतलनंच मला अडवलं. म्हणाली, हा जर माझ्या ओरडण्याला थांबला ना, तर हात हाय तसाच ऱ्हाईल. दुखण्याच्या पुढं जावंच लागतं हितं. पुढच्या वर्षी तिनं प्रवेश परीक्षा दिली आणि फिजिओथेरपीचंच शिक्षण घ्यायला निघून गेली.

जगदाळे सरांनी आणखी बरीच वर्षं पोरं घडवली. सांगली-साताऱ्यातल्या पोलीस ठाण्यांत त्यांची माणसं पसरली आहेत. आमचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, ‘सरांची पोरं’. शीतलचा हात मोडला त्या सकाळी कुणीतरी मोबाइलवर ते प्रात्यक्षिक काढलं होतं. त्याची एक तोकडी फीत दर शिक्षक दिनाला ग्रुपवर येते. त्यात सर पेच धरून शांतपणे शिकवताना दिसतात, शीतलचा डावा हात मॅटवर थापटताना दिसतो, आणि त्या आवाजाच्या जरा आधीच फीत संपते. खाली हात जोडलेली चित्रं पडतात. अशी माणसं आता होणे नाही, असं लिहितात. शीतल त्या ग्रुपवर आहे. तिनं कधी काही लिहिलं नाही आणि ती बाहेरही पडली नाही.

मी आता साताऱ्यात एका शाळेत खेळ शिकवते. गुडघा जुनाच दुखावलेला, तो यंदा अगदीच हटून बसला, म्हणून शीतलकडं जायला लागले. पोवई नाक्याच्या अलीकडं एका गल्लीत तिचा दवाखाना आहे. दोन लोखंडी खाटा, मध्ये पडदा. तिचा उजवा हात कोपरात जरा वाकलेलाच असतो, काखेत कळशी असल्यासारखा. माझ्या गुडघ्यावर ती अशी बसते की मला ब्रह्मांड आठवतं. मी विव्हळले की म्हणते, ‘रड की. भाईर नळ हाय.’ आणि आम्ही दोघी हसतो. थांबत मात्र नाही ती.

एक दिवस मी शेक घेत पडले होते आणि पडद्यापलीकडून आवाज आला. थप थप. दोनदा. रेक्झिनवर तळहाताचा. मला कुणी सांगायला नको होतं. असा टॅप एकच माणूस शिकवतो.

सर साताऱ्यात मुलाकडं राहायला आले होते. साखरेचा आजार जडलेला, त्यात उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. शर्ट घालायला सून लागे, आणि सुनेपुढं उघड्या अंगानं, लहान पोरासारखं दोन्ही हात पुढं करून बसायचं त्यांच्या फार जिवावर येई. मुलानं दुसरा डॉक्टर पाहिला होता. सर तिथं दोनदा गेले आणि म्हणाले, ह्यो लाडावतोय, मला म्हसवडकडं न्या. ती माझ्या हाताखालची हाय, ती सोडायची न्हाई. हे मला नंतर त्यांच्या मुलानंच बाहेरच्या बाकावर बसून मोठ्या अभिमानानं सांगितलं. बाबांची शिष्य आहे म्हणाला.

पडदा अर्धा सरकलेला होता. सर खाटेवर बसलेले, बनियनवर, वाळून निम्मे झालेले. शीतल त्यांचा हात हळूहळू वर नेत होती. एका ठिकाणी आल्यावर सरांच्या डाव्या हातानं खाटेवर दोनदा थापटलं. त्यांनी ठरवून केलं नसावं. चाळीस वर्षांची सवय, हातच बोलला. शीतलनं तत्क्षणी सोडलं.

‘आगं, सोडलास का?’ सर म्हणाले.

‘टॅप झाला, सर.’

पुन्हा वर नेला. पुन्हा त्याच ठिकाणी थप थप. पुन्हा सोडला. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, राग नाही, हसू नाही. आपलं काम ती अगदी मायेनं करत होती. उशी सारखी करत होती, खांद्यावर टॉवेल नीट घालत होती. माझ्या गुडघ्याशी तिचं वागणं मला माहीत होतं, म्हणून तिथं पडल्या पडल्या माझ्या अंगावर काटा आला. ते गेल्यावर मी तिला विचारलं, किती दिवस येतायत? म्हणाली, सहा महिने होत आले. फरक? म्हणाली, न्हाई. मी म्हटलं, अगं, मग दाबत का नाहीस? तिनं हात धुतले, पुसले. म्हणाली, ‘पेशंटनं थांब म्हटलं की थांबायचं. नियम हाय आपला.’

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी घरी जाताना मला बरं वाटलं. नंतर वाटेनासं झालं.

त्यानंतर सर मला एकदाच दिसले. मी पुन्हा पलीकडच्या खाटेवर. त्यांनी मला ओळखलं, आष्टा, वजन वाढलंय तुजं, म्हणाले, आणि सवयीनं माझ्या नखांकडं बघितलं. मग शीतलकडं वळले. आवाज नेहमीसारखाच खाली होता, पण त्यात मी पूर्वी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं.

‘म्हसवड,’ ते म्हणाले, ‘आज जरा वरताळा दे.’

शीतल बांगडी मागं सारत होती. म्हणाली, ‘माझ्याकडं वरताळा नसतो, सर. माप भरलं की बास.’

सर थोडा वेळ तिच्या वाकलेल्या कोपराकडं बघत राहिले. त्यांना त्या क्षणी कळलं की आधीच कळलं होतं, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी आपला चांगला, डावा हात उचलला, मांडीखाली घातला आणि त्यावर आपलं सगळं वजन टाकून बसले. हात पुरता दाबून टाकला. दात आवळले. ‘हं,’ म्हणाले, ‘घे वर.’

शीतलनं हात उचलला. नेहमीची जागा आली, ती थोडी ओलांडली. सरांच्या कपाळावर घाम आला. ओठ पांढरे पडले. डावा खांदा खाली चुळबुळला, पण हात सुटला नाही. आणखी एवढंसं वर गेलं असतं तर काहीतरी मोकळं झालं असतं, हे मला खाटेवरून दिसत होतं.

आणि खाली, खाटेच्या लोखंडी पायावर, त्यांची टाच वाजली. दोनदा.

शीतलनं हात सोडला. दोन्ही हातांनी धरून तो त्यांच्या मांडीवर अलगद ठेवला.

‘झालं आजचं, सर,’ ती म्हणाली आणि पडदा ओढायला वळली. सर तसेच बसून होते. डावा हात अजून मांडीखालीच होता.